श्वासाचार्यांचं घंगाळ

मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या त्या इमारतीखाली शुक्रवारी सकाळी गाडी लावायला जागा नव्हती आणि तिसऱ्या मजल्यावर चपला काढायला. विमा कंपनीत अधिकारी असलेल्या नबील यांनी आपल्या घरच्या हॉलमधले सोफे हलवून मधोमध गादी घातली होती. समोर मस्कतभरातून आलेली मराठी कुटुंबं बसली होती. रत्नागिरीची, रायगडची, कुडाळची. प्रत्येकाने आपापला धापा टाकणारा म्हातारा किंवा म्हातारी सोबत आणली होती. कोणाचा दमा, कोणाची सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करून ठेवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार.

गादीवर श्वासाचार्य बसले होते. ही पदवी त्यांना कोणी दिली, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताला पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ होतं आणि डाव्या हाताला धुपाटणं. त्यातल्या निखाऱ्यांवर सलालाहून आणलेला लोबान जळत होता.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," आचार्य म्हणाले. "यंत्रावर ठेवा. यंत्र तुमचं, बोट तुमचं, श्वास तुमचा. मी निव्वळ निमित्त. वय हाच खरा आजार आहे, आणि मी फुप्फुसांतलं वय काढतो."

"काढून ठेवता कुठे?" मागून एका बाईंचा आवाज आला. काहीजण हसले. आचार्यांनी ऐकलं नाही.

पहिला मान दयानंद यांचा होता. गाला या कारखान्यांच्या भागातल्या गॅरेजांत त्यांनी तीस वर्षं गाड्यांवर रंगाचे फवारे मारले होते, बहुतेक काळ तोंडाला रुमाल बांधून. मुलगा अजिंक्य त्यांना माबेला या उपनगरातून घेऊन आला होता. आधी शुद्धी झाली. दयानंदांचे दोन्ही हात घंगाळात बुडवून ठेवले गेले आणि आचार्य सावकाश मंत्र पुटपुटत राहिले. मग हात पुसून अजिंक्यने बोटाला ऑक्सिमीटर लावलं. कोरोनात घेतलेलं, प्रत्येक घरात पडून असलेलं ते चिमट्यासारखं यंत्र. निरोगी माणसाचा ऑक्सिजनचा आकडा पंच्याण्णवच्या वर असतो; इथे आला एकोणऐंशी. हॉलमध्ये चुळबुळ झाली.

मग दयानंदांनी धुपाटण्यावर हात धरले, धूर छातीत ओढला, खोकले. "घाण सुटते आहे," आचार्य म्हणाले. पुन्हा यंत्र. अठ्ठ्याऐंशी.

टाळ्या पडल्या. कोणीतरी डोळे पुसले.

"श्वासाचा पंप बंद केलात ना?" आचार्यांनी विचारलं.

"केलाय. गेल्या महिन्यात... तुम्ही सांगितल्यापासून," दयानंद म्हणाले. एवढं बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं.

"शाबास. पंपाने फुप्फुसं आळशी होतात. पंप खलास. यल्ला, चला, पुढचे."

पुढच्या नूरबानू होत्या. मघाचा आवाज त्यांचाच. रत्नागिरीच्या शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवलं. आता त्या मुलाकडे, हारूनकडे राहतात. तरुणपणी चुलीच्या धुराने त्यांचीही फुप्फुसं गेली आहेत. हारूनच्या आग्रहाने त्या आल्या होत्या आणि बराच वेळ आकड्याकडे नाही, दयानंदांच्या ओठांकडे पाहत होत्या. ओठ निळसर दिसत होते.

त्या गादीसमोर बसल्या आणि घंगाळात हात न घालता बोट पुढे केलं. "हारून, लाव."

"शुद्धीशिवाय नाही," आचार्य म्हणाले.

"लाव रे."

त्र्याण्णव.

"घरून निघताना पण एवढंच होतं," नूरबानू म्हणाल्या. "आता तुमची शुद्धी." त्यांनी फक्त डावा हात पाण्यात घातला आणि लगेच ओठ आवळले. "बर्फ टाकलाय का यात?"

"हिमालयाचा शीतल भाव आहे."

"अल् खुवैरच्या फ्रीजमधला आहे."

बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होतं. अशा दिवसांत गार पाण्यात हात घालायला मिळाला की मस्कतमधला माणूस सुखावतो, शंका घेत नाही. आतापर्यंत कोणी घेतलीही नव्हती. आचार्य मंत्राला जेवढा वेळ घेत तेवढा वेळ नूरबानूंनी हात पाण्यात ठेवला, पुसला आणि डाव्या बोटाला यंत्र लावायला लावलं. शहाऐंशी. तेच यंत्र उजव्या बोटाला. त्र्याण्णव.

"माझं एक फुप्फुस या हाताला आणि दुसरं त्या हाताला जोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग या आकड्यांतला आजारी कोणता?"

"डावी बाजू चंद्राची. ऊर्जेचा असमतोल."

"पण आंटी," अजिंक्य म्हणाला, "रीडिंग वाढतंय ना? मशीन तर माझंच आहे."

"मशीन चांगलंच आहे बाळा. तू जिमला जातोस ना? ये, बस. आधी कोरडं बोट दे."

नव्व्याण्णव.

"आता घाल हात पाण्यात." तो वाकला. आचार्यांनी घंगाळ बाजूला ओढायला हात घातला, पण हारूनने ते धरून ठेवलं. थोड्या वेळाने अजिंक्यच्या बोटावर यंत्र आधी नुसत्या रेघा दाखवत राहिलं, मग अठ्ठ्याऐंशीवर थांबलं.

"घ्या," नूरबानू म्हणाल्या, "हा पण आला तुमच्या लायनीत."

कोणी हसलं नाही. मग त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. हे यंत्र बोटातून लाल प्रकाश सोडतं आणि तिथून वाहणाऱ्या रक्तावरून ऑक्सिजनचा अंदाज काढतं. बर्फाच्या पाण्याने बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त पोचत नाही, अंदाज फसतो. निखाऱ्यावर हात शेकला की रक्त परत येतं आणि आकडाही. आचार्य वर काहीच चढवत नाहीत. आधी खाली पाडतात.

"म्हणजे अण्णांचं अठ्ठ्याऐंशी..." अजिंक्य अडखळला.

"खरं आहे. टाळ्या पडल्या तो आकडा खरा. दयानंदभाऊ, पंप घेत होतात तेव्हा किती असायचं?"

"ब्याण्णव," दयानंद म्हणाले. पुढचा शब्द आला नाही. खोकला आला तो थांबेना.

अजिंक्यने वडिलांना उचललंच. आचार्य सगळ्यांना सांगत होते की श्रद्धा डळमळली की असंच होतं, पण तोवर हारून लिफ्ट धरून उभा होता आणि नबील यांनी बाल्कनीचं दार उघडून धुपाटणं बाहेर ठेवलं होतं.

इस्पितळात दयानंदांना ऑक्सिजन लावावा लागला, वाफेतून औषध द्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस असेच काढले असते तर आपली भेट अतिदक्षता विभागात झाली असती. नूरबानू भेटायला गेल्या तेव्हा दयानंदांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"माका वाटला, बरा होयत," ते म्हणाले. "ह्यो पंप मरासर घेवचो लागतलो?"

"लागेल. मलाही लागतो. तुम्ही चष्मा मरेपर्यंत लावणार ना? तेव्हा नाही कोणाला विचारत, डोळे नवे होतील का म्हणून."

दयानंदांनी तोंड परत इकडे वळवलं. मग त्यांनी अजिंक्यकडे हात पुढे केला. "दी तो पंप हंय."

आचार्यांची पुढची सभा माबेल्याला ठरली असल्याचं कळतं. तिथेही गाड्यांना जागा मिळणार नाही. जाणारी माणसं मूर्ख नसतात. आईबापाला धाप लागलेली पाहून ती हतबल झालेली असतात, आणि त्या हतबलतेवरच हा धंदा चालतो. त्यांच्यासाठी हे साध्या शब्दांत. उतारवयात दम थोडा कमी होतो. पण वाक्य पुरं करता येऊ नये इतकी धाप म्हणजे वय नव्हे, आजार आहे. तो मुळापासून जात नाही, मात्र औषधाने आवरता येतो. लोबानाचा वास कितीही सुंदर असला तरी अशा छातीला तो धूरच आहे. यंत्र खोटं बोलत नसेल, पण त्याच्यापुढे बोट कोणत्या अवस्थेत धरलं, हे आपणच विचारायला हवं. आणि कोणी म्हाताऱ्या माणसाचं औषध बंद करायला सांगितलं, तर त्याच्या गादीसमोरून उठून यायला हवं. भर सभेतून, सगळ्यांच्या देखत.