प्याला किती भरायचा

नळी अंगठ्यापेक्षा थोडीशीच लांब होती, एका टोकाला रुंदावलेली, चिलमीसारखी, आणि आतून इतकी गुळगुळीत घासलेली की मारलनं तिच्यात करंगळी घालून पाहिली तेव्हा बोटाला एकही कुसळ लागलं नाही. जर्दाळूचं लाकूड. अजून त्याला ओला, किंचित कडू वास येत होता. दुसरी नळी टेबलावर होती, जवळजवळ तशीच, फक्त तिचं तोंड गोल नव्हतं, लांबट होतं. बाळाला पाळण्यात पट्ट्यांनी बांधून ठेवलं की त्याची शू अशा नळीतून खाली टांगलेल्या भांड्यात उतरते, बाळ कोरडं राहतं. गोल तोंडाची मुलासाठी, लांबट मुलीसाठी—उतार बरोबर, व्यास बरोबर, सगळं इतकं विचार करून केलेलं... आणि तरीही ती हातात धरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय, हे सापडत नव्हतं.

"दोन्ही करून ठेवल्या," सेयित चाकू मिटत म्हणाला. मारलचा सासरा, बोलायचा कमी, पण बोलला की डोळे आधी हसायचे. "आत काय आहे ते तू सांगत नाहीस, मग म्हातारा काय करणार?"

"मलाच माहीत नाही, बाबा. मी विचारलंच नाही डॉक्टरांना."

"प्रयोगशाळेतली बाई आणि विचारलं नाही?"

"एक फुकट जाईल बघा तुमची."

"फुकट कशाला? ठेवून देऊ. तुमच्या वेळी लागेल."

तुमच्या वेळी. तो उठून अंगणात गेलासुद्धा, वाक्य मात्र टेबलावर त्या दोन नळ्यांशेजारी राहिलं. तुमच्या वेळी—म्हणजे पुढच्या वेळी. मग ही वेळ कोणाची?

कोणी तिला काही सांगितलं नव्हतं, आणि तिनं काही विचारलं नव्हतं. विचारायचं काय? पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं. ते त्यांच्या घरी, त्यांच्या कुशीत, त्यांना आई-बाबा म्हणत वाढतं. आई-बापांनी पुढच्यापासून आपापली वाढवावीत. या खोऱ्यात अर्ध्या घरांत असंच होतं, आणि उरलेल्या अर्ध्यांत, असं झालं नाही, म्हणून कोणीतरी रुसलेलं होतं. ती स्वतः कारागांडा शहरातल्या पाचमजली इमारतीत वाढली होती. तिथे हे ऐकिवात होतं, जसं दूरच्या नात्यातलं एखादं दुखणं ऐकिवात असतं. मग ती दौरेनला भेटली. लग्नाआधी एकदा तो फोनवर म्हणाला होता, "वहिनी, आम्ही सकाळच्या गाडीनं येतोय," आणि स्टेशनवर उभी असलेली बाई जेव्हा त्याच्या खांद्यावरचा धागा उचलून टाकत होती तेव्हा मारलला वाटलं, किती जीव आहे या वहिनीचा. रात्री दौरेन हसत म्हणाला, अगं, ती माझी आई. मला जन्म तिनं दिला. पण मला वाढवलं आजीनं, बिबिशआजीनं. मी तिलाच आई म्हणायचो, तिचा शेवटचा मुलगा असल्यासारखा. मग ही वहिनीच नाही का झाली? आणि बाबा—दादा. सवय गं.

सवय. सासूला, कुल्याशला, तिची धाकटी मुलगी आई म्हणते. लग्न करून आलेली मी, मीही आई म्हणते. तिच्या पोटचा पहिला मुलगा तेवढा म्हणत नाही.

मारलनं दोन्ही नळ्या रुमालात गुंडाळल्या. पोट टेबलाच्या कडेला टेकलं, आतून कोपर की टाच असं काहीतरी फिरलं. तिनं वही उघडून रेघ मारली. सकाळपासूनची सातवी हालचाल. की सहावी? मघाशी मारली होती ती हीच रेघ की वेगळी... अल्माटीच्या प्रयोगशाळेत दोनशे चाळीस रानसफरचंदांच्या बिया ओल्या वाळूत, चार अंश तापमानात ठेवून आली होती ती. नव्वद दिवसांची थंडी सोसल्याशिवाय त्या उगवत नाहीत. एकाही बीची नोंद तिनं कधी चुकवली नव्हती. आणि इथे एकच मोजायचं आहे, तेही हातून सुटतंय.

बाहेर कुल्याश पाळणा घासत होती.

"तयारी करत नाहीये हं मी," तिनं मारलला दारात पाहून लगेच सांगितलं. "बाळ यायच्या आधी तयारी करू नये. नुसती धूळ पुसतेय."

धूळ पुसणं चार दिवस चाललं होतं. धूळ पुसता पुसता जुन्या पट्ट्यांच्या जागी नव्या मखमली पट्ट्या आल्या होत्या, गादीत नवा कोंडा भरला गेला होता.

"तुझ्या धुळीला झालरपण लागली की," सेयित कोठीच्या दारातून म्हणाला.

"तुम्ही बटाटे बघा तुमचे."

पाळणा चांगला होता. वरची आडवी दांडी हातांनी धरून धरून काळी, गुळगुळीत झालेली. या दांडीला बिबिशआजीचा हात, त्याखाली बांधलेला दौरेन... आणि कुल्याश तेव्हा कुठे असायची? मारल टेकायला बाकावर बसली. पायाच्या बोटांना पाळण्याची कमान लागत होती, तिच्या नकळत पाय हलला आणि रिकामा पाळणा झुलायला लागला.

"अगं ए! रिकामा झुलवतेस?" कुल्याशनं झपकन हात घालून तो थांबवला. रागावली नव्हती, घाबरली होती. मग तिनं तोच हात मारलच्या केसांवरून फिरवला, साबणाचा ओला हात. "जा, आत पड जरा. तुझे पाय बघ कसे सुजलेत."

आत जाताना कुल्याशच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग भिंतीला सरकवला होता. आधी तो जिथे होता तिथे गालिच्यावर चार खोल खड्डे दिसत होते, आणि मधे जागा होती—पाळण्याएवढी, बरोबर तेवढीच.

वाक्य तयार होतं. महिनाभर तयार होतं. 'आई, बाळ आमच्याबरोबर अल्माटीला येईल.' पाच शब्द. ती ते अंघोळ करताना म्हणून पाहायची, बटाटे सोलताना म्हणायची. तीन आठवडे उरले होते आणि जन्मानंतर ते म्हणण्यात अर्थ नव्हता. एकदा मूल आजीच्या कुशीत गेलं की मग मागणं म्हणजे हिसकावणं. आत्ता म्हणायचं. फक्त धीर कमी पडतोय, असं तिला वाटत आलं होतं. पण खरं सांगायचं तर—कोणाला?—खरं सांगायचं तर एका सकाळी मी हिशेबही केला होता. बाळ इथे राहिलं तर जानेवारीत मी परत जाऊ शकते. वाळू उपसायला, पहिले कोंब बघायला मी स्वतः असेन. तो विचार आला तेव्हा छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच नंतर इतकी शरम वाटली की मी दिवसभर कुल्याशच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मग 'नाही' म्हणणारी मी कोण? ज्या बाईला मूल हवंय ती, की जिला आपण तशी बाई नाही याची भीती वाटतेय ती?

दुपारी अल्माटीहून दौरेनचा फोन आला.

"बोललीस का?"

"तू का नाही बोलत? तुझे आई-बाप आहेत."

"मी काय बोलू, मारल? मी वाईट वाढलो का?" त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती, खरोखरचा प्रश्न होता. "आजी मला घोंगडीत घेऊन बसायची. मला काही कमी पडलं नाही. तू म्हणशील तसं करू. पण तू म्हण."

"मी म्हटलं नाही तर?"

"तर... तसं. वहिनीला दे जरा फोन, तिच्या गुडघ्याचं मलम पाठवलंय."

कुल्याशनं फोन दोन्ही हातांनी धरला, भरलं भांडं धरावं तसा. "हो रे बाळा. हो. लावते. तू जेवतोस ना?" आणि पलीकडून आलेला तो शब्द मारललाही ऐकू गेला—वहिनी. कुल्याशच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. एकतीस वर्षांत तिथे हलण्यासारखं काही उरलं नसेल, किंवा... मला चेहरे वाचता येत नाहीत. मला बिया वाचता येतात.

चहाच्या वेळी शेजारची बागिला आली, बावर्साकांचं, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं ताट घेऊन आणि तोंडात तयार असलेलं बोलणं घेऊन. मारलनं किटली पुढ्यात ओढली. चहा सुनेनं ओतायचा. आधी दूध, मग दाट चहा, मग उकळतं पाणी, आणि प्याल्याच्या आत जी निळी रेघ आहे तिच्या खालीच थांबायचं. थोडं ओतलं म्हणजे बसा, पुन्हा मागा, अजून बोलू. काठोकाठ भरलेला प्याला दिला की पाहुणा समजतो—प्या आणि निघा. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिनं कारागांडाच्या सवयीनं सासऱ्याला गच्च भरलेला प्याला दिला होता आणि सेयित गंभीर चेहऱ्यानं उठून, टोपी घालून, स्वतःच्याच घरातून बाहेर पडला होता. फाटकापाशी उभा राहून तो हसत होता. त्यानंतर चूक झाली नव्हती. निळ्या रेघेखाली सत्तर मिलिलिटर, तिनं एकदा मोजूनही पाहिलं होतं.

"या वयात पोर!" बागिला म्हणत होती. "सेयितला सांग दाढी रंगव. लोक विचारतील, बाप की आजोबा."

"विचारू देत," कुल्याश म्हणाली. ती लाजली होती. चोपन्न वर्षांच्या त्या चेहऱ्यावर लाज अशी पसरली की मारलनं नजर खाली वळवली, किटलीकडे.

"पाळणा तुझ्याच खोलीत ना?"

"पलंग सरकवलाय."

"बरं केलंस. या मुलींच्या नोकऱ्या, शहरातली एक खोली... हिलाही बरं. काय गं मारल, सुटशील तू."

सुटशील. तेच, तोच हलकेपणा, आता दुसऱ्याच्या तोंडून—आणि हात चालू होता, दूध, चहा, पाणी, वाफ, आणि ती विचार करत होती की सुटणं आणि हरवणं यांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते का, दोन्ही आतून सारखीच लागतात का... पाण्याचा आवाज बदलला. भांडं भरत आलं की सूर चढत जातो, तसा तो चढला होता, आणि तिला तो ऐकू आला होता, हे ती शपथेवर सांगू शकते. तिनं प्याला कुल्याशपुढे ठेवला. चहा काठावर फुगून उभा होता, थेंबभरही न सांडता.

बागिलानं प्याल्याकडे पाहिलं, मग मारलकडे, मग ताटातल्या बावर्साकांकडे.

"माझी गाय," ती म्हणाली, "धार काढायची राहिलीय."

"तुझी गाय या वेळेला कधीपासून दूध द्यायला लागली?" कुल्याश म्हणाली. पण बागिला उठलीच, ताट तसंच ठेवून गेली. फाटक वाजलं. अंगणात सेयित बटाटे ओतत होता, त्यांचा दडदड आवाज आला आणि थांबला.

कुल्याशनं वाकून, हात न लावता, पहिला घोट ओठांनी घेतला. मग प्याला उचलला. चहा जाळत असणार, पण ती थांबली नाही. सगळा प्यायला.

"मुद्दाम भरलास?"

"माहीत नाही, आई."

"माहीत नाही म्हणजे?"

"खरंच माहीत नाही."

कुल्याशनं मान हलवली. "मला वाटलं, इतकी शिकलीस, तुला माहीत असेल." ती टोमण्यासारखं म्हणाली, पण टोमणा कुठे पोचला नाही, मधेच विरला. रिकाम्या प्याल्यात पाहत ती बोलायला लागली, जणू तळाशी काही लिहिलं होतं. "दौरेन पलीकडच्या खोलीत असायचा. रडला की इकडे माझं दूध यायचं. मला हाक मारायचे, मी पाजायची, मग परत. माझे हात असे राहायचे." तिनं हात दाखवले, कोपरात वाकलेले, मधे काही नसलेले. "पाळणा मला झुलवायला मिळाला नाही. बिबिशआईंना मी नऊ वर्षं चहा ओतला, मारल. कधी एक थेंब जास्त झाला नाही."

मारलला ते पाच शब्द आठवले. ते होते तिथेच होते, पाठ, स्वच्छ. पण आता ते कुठेतरी लागले असते. आणि जिथे लागले असते तिथे आधीच कोणीतरी वाकलेले हात धरून बसलं होतं. आणि ज्या तोंडातून ते निघाले असते, ते तरी माझं होतं का? आतापर्यंत तिला वाटत होतं की उत्तर तिच्याजवळ आहे आणि ती ते लपवतेय, भित्रेपणानं. तसं नव्हतं. उत्तर लपलेलं नव्हतं. ते झालेलंच नव्हतं अजून. कुठेतरी ओल्या वाळूत, थंडीत... पोटात उचकी सुरू झाली, बाळाची, बारीक, एकसारखी, घड्याळासारखी. तिनं रेघ मारायला वही शोधली नाही.

"येऊ दे," कुल्याश म्हणाली आणि प्याला पुढे केला. "ओत."

"किती?"

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, हा प्रश्न या घरात कधी कोणी कोणाला विचारला नसेल. कुल्याशनं प्याला आणखी थोडा पुढे सरकवला. 

मारलनं दूध घातलं. दाट चहा घातला. किटली वाकवली. पाणी पडायला लागलं, आधी खालच्या सुरात, मग जरा वर, निळी रेघ आतून ओली होत गेली, आणि मारल, कुठलाही अंदाज न बांधता, पुढे वाकून बघत राहिली—आपला हात कुठे थांबतो ते.