वस्तीचा ईमेल

"पोपट, तुजं कबुतर पैसं मागाया लागलंय."

हरिबा आबांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता. पोपट सोनवणे आपल्याच ओट्यावर, आपल्याच घराच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. ओट्याखाली आणखी पाचसहा जण आपली पाळी यायची वाट बघत होते.

"आबा, तुमी तुमचं पेन्शनचं वाचा."

"माजं वाचलं. ही मधीच आलं. आभारी आहोत म्हनतंय आन् पैसं भरा म्हनतंय."

पोपटने मोबाइल हातात घेतला. कंपनीने सुरुवातीलाच आभार मानले की खिसा चाचपून बघावा, एवढं त्याला कारेगावच्या कारखान्यात स्टोअर क्लार्क म्हणून पंचवीस वर्षं काढल्यावर कळत होतं. कबुतराचं चित्र असलेलं त्याचं ईमेलचं ॲप इतकी वर्षं फुकट होतं. आता त्याला वर्षाची वर्गणी लागणार होती. महिनाअखेरपर्यंत भरली नाही, तर सगळे कप्पे एकत्र होतील आणि कुलपं निघतील, असं त्यात अत्यंत नम्र भाषेत लिहिलं होतं.

केंदूरच्या त्या वस्तीत घरं चाळीसेक आणि ईमेल एक. तसे ईमेल सगळ्यांना होते, पण ते मोबाइल विकणाऱ्यानेच काढून दिले होते. पासवर्ड त्यालाच माहीत, आणि तो दुकान गुंडाळून शिरूरला निघून गेला होता. मग कुणाच्या तरी गॅसच्या फॉर्मवर ईमेलच्या रकान्याला लाल चांदणी निघाली. लाल चांदणी म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. पोपटने स्वतःचा पत्ता टाकला. त्यानंतर शिष्यवृत्ती आली, पीकविमा आला, कुणाचा पीएफ, कुणाची नोकरी. राहू गावात दिलेल्या रंगुबाईने, म्हणजे पोपटच्या बहिणीने, सासरच्या सगळ्यांना भावाचाच पत्ता दिला आणि दौंड तालुकाही त्या ईमेलवर नांदू लागला.

कबुतरात प्रत्येक घराला एक रंगीत कप्पा करता येई आणि कप्प्याला वेगळं कुलूप घालता येई. रविवारी सकाळी पोपट ज्याचा त्याचा कप्पा उघडून मोबाइल हातात द्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. कुलपांमुळे कुणाचं बोट चुकून शेजारच्या घरात जात नसे. पोपट स्वतः फक्त विषयाची ओळ वाचायचा, कारण त्याशिवाय मेल कुठल्या कप्प्यात टाकायचा हे ठरत नसे. आता विषयाच्या ओळीतच माणसाचं निम्मं आयुष्य येतं, त्याला तो काय करणार? कुणाचं कर्ज नामंजूर झालं, कुणाच्या सुनेने दौंडच्या वकिलाला गाठलं, हे त्याला आपोआप कळे आणि त्याच्यापाशीच थांबे. त्याची बायको सिंधूबाई पहिली दोनतीन वर्षं विचारत राहिली. मग तिने नाद सोडला.

"भरून टाका की मंग," सिंधूबाई त्या दिवशी म्हणाली.

"का म्हनून भरू? जगात एकच कबुतर हाय व्हय?"

पोपटने मनावर घेतलं. कारखान्यात हिशेब खात्यातला सुमित या बाबतीतला जाणकार. जेवणाच्या सुट्टीत दोघं डबे उघडून मोबाइलमध्ये डोकं घालू लागले.

पहिल्या ॲपमध्ये मेलच्या मधे मेलसारख्याच दिसणाऱ्या जाहिराती येत. वस्तीतल्या पार्वतीबाईंनी टकलावर केस उगवण्याची जाहिरात सरकारी योजना समजून वाचली आणि कागदपत्रं कुठली लागतील ते विचारलं. दुसरं ॲप आपल्याच अकलेने मेलचे दोन ढीग करी, 'महत्त्वाचे' आणि 'बाकीचे'. बँकेची कर्जाची आमिषं महत्त्वाच्यात गेली, पोरांच्या शिष्यवृत्त्या बाकीच्यात. ॲप परदेशी असूनही त्याला इथली पद्धत बरोबर कळली होती. तिसरं मात्र नीट निघालं. कप्पे होते, रंग होते. कुलूप तेवढं नव्हतं.

"काका, लॉक कशाला पाहिजे तुम्हाला?" सुमित म्हणाला. "फोनला आहे ना लॉक?"

"फोन माज्या हातात कुठं आसतो, बाबा. रविवारी समदी वस्ती हाताळती त्यो."

"मग प्रायव्हसीचं काय करता?"

"भिताडाकडं तोंड करतो."

सुमितला वाटलं, काका विनोद करताहेत.

पोपटने तिसरं ॲप घेतलं. वस्तीतली माणसं सज्जन होती, ती दुसऱ्याच्या कप्प्यात बोट घालणार नाहीत, असा त्याचा हिशेब. तो बरोबरही होता. कुणीच बोट घातलं नाही. पण हे ॲप नवा मेल आला की उत्साहाच्या भरात तो पडद्यावर वरून खाली सोडत असे, हे पोपटला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मोबाइल पुन्हा हरिबा आबांच्या हातात होता. आबांना मनात वाचता येत नसे. जे दिसेल ते मोठ्याने.

"भारतजी," आबा वाचू लागले, "आपल्या प्रोफाइलमधी एका स्थळानं रस दाखीवलेला आहे. राहनार राहू, तालुका दौंड..."

पोपट भिंतीकडून गर्रकन वळला आणि त्याने मोबाइल हिसकावून घेतला. तोवर उशीर झाला होता.

"भारतजी म्हंजी? आपला भारत?" आबांनी निरागसपणे विचारलं.

आपला भारत ओट्याखाली तिसरा उभा होता. भारत शेवंती पिकवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी शितल दौंडला दिलेली, तिला पहिलीत जाणारं पोर. माणूस इतका कमी बोलणारा की भाववाढीवरसुद्धा मत देत नसे. तो कुणाकडेही न बघता वस्तीच्या रस्त्याने चालू लागला. मागून कुणीतरी म्हणालंच, "आरं, नवरदेवाला वाट द्या!" आणि सगळे हसले. सायंकाळपर्यंत त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला कुणीतरी मुंडावळ्या बांधल्या होत्या. शेवंती त्याच्याच वावरातली होती.

दुसऱ्याच दिवशी विहाराच्या कमिटीने पोपटला बोलावलं. अध्यक्ष तात्याबा सतरंजीवर मधोमध बसले होते.

"पोपट, जालं ती वंगाळ जालं. त्ये जुनं कबुतर परत घ्यायचं. वर्गनी काडू. जयंतीला काडतो, तशी."

पोपटला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"आन् पासवर्ड विहाराच्या कपाटात," तात्याबा पुढे म्हणाले. "किल्ली अध्यक्षाकडं."

"आन् महिन्याला कमिटीम्होरं यादी," खजिनदार महेंद्र म्हणाला. "कुनाला कुटनं काय आलं त्याची."

"यादी कशापायी?"

"पैसा समाजाचा म्हंजी मेल समाजाचा. हिशेब नको?"

पोपट उठला. "तात्याबा, वर्गनी नको. म्या माज्या खिशातनं भरतो."

"आरं, पर नियम आसा हाय..."

"जय भीम," पोपट म्हणाला आणि चपला घालून निघाला.

तो थेट भारतच्या वावरात गेला. भारत शेवंतीच्या सरीत वाकून फुलं खुडत होता. त्याने वर बघितलं नाही. पोपट बांधावर उभा राहिला.

"भारतभाऊ, चुकलं माजं. पैसं वाचवाया गेलो. आता कबुतर परत घेतो, कुलपासकट. आज सांच्यालाच पैसं भरतो."

"भरा की."

"पुन्ना आसं व्हनार न्हाई."

भारतने मूठभर फुलं पाटीत टाकली. मग कंबर सरळ केली.

"पोपटराव, कुलूप मिळंल. पर समद्या किल्ल्या तुमच्यापाशीच की."

"म्या वाचत न्हाई, भाऊ. शपथ घेऊन सांगतो."

"ती काय सांगाया पायजे? तुमी भिताडाकडं बघता, ठाव हाय आमाला." भारतने हाताला चिकटलेल्या पाकळ्या झटकल्या. "पर तुमाला ठाव आसतं, ह्ये बी आमाला ठाव हाय. तुमच्या म्होरनं जाताना दर खेपंला वाटतं, ह्या मान्साला माजं समदं म्हाईत हाय. तुमी चांगलं म्हनून इतकी वर्सं निभलं."

इतक्या वर्षांत कुणी असं बोललं नव्हतं. सगळे 'उपकार हायेत' म्हणायचे.

"चार जनांत हसं जालं, त्याचं न्हाई येवढं," भारत पुन्हा वाकला. "शितलला म्या आपल्या तोंडानं सांगनार हुतो. तिला दौंडात सासूनं सांगितलं."

पोपटने खिशातला मोबाइल काढला. त्यावर पैसे भरायचं पान उघडंच होतं. त्याने ते बंद केलं.

तिथूनच त्याने तात्याबांना फोन लावला. "या रविवारी विहाराचा हॉल पायजे."

"वर्गनी काडायची का मंग?"

"न्हाई. एक लांब वायरचा प्लगबोर्ड काडा."

रविवारी वंदनेनंतर सगळी वस्ती आपापले मोबाइल घेऊन सतरंज्यांवर बसली. पोपटने एकेकाला धरून स्वतःचा पत्ता काढायला लावला. पत्ता सोपा गेला, पासवर्डपाशी गाडं अडलं. निम्म्या लोकांनी 'जयभीम' टाकलं. पोपटने ते सगळ्यांना पुसायला लावलं आणि बजावलं, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही असंच काहीतरी टाका. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही असं काही वस्तीत पटकन कुणाला सापडेना.

"तूच सांग की एकांदा चांगला," हरिबा आबा म्हणाले.

"म्या सांगितला तर मला कळंल, आबा."

"मंग काय जालं? आजवर कळतच हुतं."

"म्हनूनच."

आबा फुगून बसले. तात्याबा जरा उशिरा आले आणि आपल्या मोबाइलवर हात आडवा धरून पासवर्ड टाकू लागले. महेंद्र डोकावला, तर त्यांनी त्याला कोपराने ढकललं. पार्वतीबाई म्हणाल्या, "मला मेलीला कोन मेल करनार?" पोपटने तिथल्या तिथे त्यांना एक मेल पाठवला. त्यांनी तो हॉलभर फिरून सगळ्यांना दाखवला.

भारत आला, कोपऱ्यात बसला, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. जाताना त्याने पोपटला मान हलवून जय भीम केला.

पुढचे काही महिने चुकार मेल जुन्या पत्त्यावर येत राहिले, आणि पोपट ते ज्याचे त्याला पुढे ढकलत राहिला. नव्या पत्त्यांची सवय झाली तसे तेही आटले. मोबाइलमध्ये आधीपासून असतं तेच साधं ईमेल ॲप त्याने ठेवलं. एका माणसाला तेवढं पुरत होतं. रविवारी ओट्यावर कोंबड्या येऊ लागल्या. एकदा तर त्याने दोन दिवस मोबाइल उघडलाच नाही आणि कुणाचंही काही अडलं नाही.

एका संध्याकाळी तो जेवायला बसला होता. सिंधूबाई विहारातून आली ती दारातूनच बोलत आली.

"आवो, भारतभावजींचं जमलं! राहूचीच हाय बाई, अंगनवाडीत हाय. फुडच्या म्हैन्यात विहारातच करायचं म्हनत्यात. शितल सोता येऊन कपडं ठरवून गेली."

पोपटचा घास हातात राहिला. "कवा ठरलं?"

"झालं की पंधरा दीस. समद्या वस्तीला ठाव हाय." सिंधूबाईने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुमाला न्हाई?"

"न्हाई," पोपट म्हणाला.

ती तशीच उभी राहिली, त्याला खरंच माहीत नाही याची खात्री करत. मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. पोपटने ताट जरा बाजूला सरकवून तिला बसायला जागा करून दिली.

"पयल्यापासनं सांग," तो म्हणाला.