मागच्या खोलीचं नाव

माझ्या दादाला एक वाईट खोड आहे. काम दुसऱ्याचं असलं की त्याला ते दहा मिनिटांचं वाटतं.

सोमवारी तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत येत नाही, पँटला तळवे चिकटवायचं सोल्यूशन लागतं म्हणून. तिथूनच म्हणाला, "शनिवारपर्यंत तिन्ही कॉम्प्युटरचे बॅकअप एका नावाखाली आण. दहा मिनिटांचं काम आहे."

आमचा कारखाना म्हणजे ओळीने तीन खोल्या. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, त्यांचे बूट आम्ही शिवतो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाचा अपघातात अर्धा चवडा गेलेला. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे सुरू केलं. पुढच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर, मधल्या खोलीत दादाचा, मागे माझा. तिघांचे बॅकअप कपाटातल्या एकाच डब्यात, म्हणजे साठवणीच्या मोठ्या डिस्कमध्ये जातात, पण तीन वेगळ्या ओळखींनी. अप्पांची ओळख 'अप्पा', दादाची 'दादा'. माझा कॉम्प्युटर आला तेव्हा दादाने घाईत नाव टाकलं, 'मागची खोली'. बारा वर्षं मी त्यावर लोकांच्या पायांची मापं उतरवतेय, आणि त्या डब्याच्या लेखी मी अजून एक खोलीच आहे.

"त्या हाडांच्या दवाखान्याला सगळी मापं एका जागी, एका नावाने हवीत," दादा म्हणाला. "तरच ते आपल्याकडे पेशंट पाठवतील. नाव अप्पांचं ठेवू. आणि हा तुझा खटारा पुसून कुणाला तरी देऊन टाकू. दोन कॉम्प्युटरवर भागतं."

"आणि एकाच गिऱ्हाइकाची फाइल तीन ठिकाणी असली तर?"

"पुढच्या खोलीतली ठेवायची. अप्पांच्या हातची. बाकीच्या गाळ."

माझं डोकंच फिरलं. पाच वर्षांपूर्वी अप्पांचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून त्यांनी एकही माप काढलेलं नाही. पण पाय काय तोवर थांबून राहतात? ते सुजतात, वाळतात, वळतात. सहाशे चाळीस माणसांना मी बाकावर बसवलंय, मोजे काढायला लावलेत, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मोजलंय. ते सगळं आता जादा म्हणून गाळायचं, आणि शनिवारी माझा कॉम्प्युटर पुसला की कायमचं गेलं. मी दादाला हे चांगलं खडसावून सांगितलं.

"तू ना, राईचा पर्वत करतेस," तो म्हणाला. "पाय तो पाय. थोडं इकडेतिकडे."

मी तडक पुढच्या खोलीत गेले. अप्पा खिडकीपाशी बसून कातड्याच्या तुकड्यांची प्रतवारी करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मान वर न करता म्हणाले, "दादा म्हणतो तसं कर. एक नाव बरं पडतं."

मला ते फार लागलं. दादाचं मी मनावर घेत नाही, पण अप्पांना माहीत होतं. त्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

"करते," माझ्या मागोमाग आलेल्या दादाला मी म्हणाले. "अगदी तू म्हणतोस तसं. फक्त एक अट. माझा कॉम्प्युटर पुसायच्या आधी त्या एकत्र केलेल्या बॅकअपमधून एक जोड शिवायचा. तू स्वतः. मला काही न विचारता."

"कुणाचा?"

"एक नंबरचा."

आमच्याकडे रीत आहे. जो हे काम शिकतो, तो पहिलं माप अप्पांच्या पायाचं काढतो; अप्पांनीही सुरुवात स्वतःच्याच पायापासून केली होती. त्यामुळे तिन्ही कॉम्प्युटरवर एक नंबर म्हणजे अप्पाच. दादा खूश झाला. म्हणाला, त्यांना नवा जोड हवाच आहे. अप्पांचे हात क्षणभर थांबले, आणि पुन्हा तुकडे लावायला लागले.

मंगळवारची दुपार मी डब्यासमोर घालवली. 'अप्पा' नावाची एकच ओळख ठेवली, तिन्ही बॅकअप तिच्याखाली आणले. डब्याने विचारलं, एकाच नंबरच्या फाइल सापडल्या, कुठली ठेवू? मी पुढच्या खोलीतली निवडली. बोट जड झालं होतं, खोटं कशाला सांगू.

दादाने तीन दिवस राबून जोड शिवला. त्याचा हात अजून सुरेख आहे, हे मला मान्य करावंच लागेल. शुक्रवारी दुपारी अप्पा बाकावर बसले, पायातले जुने बूट काढले आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

नवे बूट घालून ते उठले. दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला उजवा पाय आत कलंडला आणि त्यांनी काउंटरची कड धरली. माझा हात त्यांच्या कोपराखाली आधीच होता.

"चावतोय का कुठे?" दादाने विचारलं.

"बूट छान आहे," अप्पा म्हणाले. "पायही माझाच आहे. पण तेव्हाचा."

तीन वर्षांपूर्वी अप्पा जिन्यावरून पडले होते. प्लास्टर निघालं, ते चालायला लागले, सगळ्यांना वाटलं बरे झाले. बरे कसले? पाय बोटभर आखूड झाला आणि आत वळला. मी बुटाची टाच आतून उचलली, बाजूने आधार दिला, दर सहा महिन्यांनी माप घेऊन तो बदलत राहिले. बूट शिवणाराच लंगडतो हे कुणाला कळता कामा नये, असं अप्पांनी मला बजावलं होतं. मी तीन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. आणि बूट इतके बेमालूम जमले की पोटच्या पोराला पत्ता लागला नाही.

"तू हे मुद्दाम केलंस," दादा म्हणाला.

"हो, मुद्दाम. सांगून तू ऐकलं नसतंस."

अप्पांना मी त्रास दिला, ते मला शोभलं नाही. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

दादाने जुना बूट उचलला, आत हात घातला आणि टाचेखालची पाचर चाचपत राहिला. बराच वेळ. मग मागच्या खोलीत आला, थेट आत, आणि माझ्या स्टुलावर त्या चांगल्या पँटसकट बसला.

"पुन्हा कर," तो म्हणाला. "मी बघतो."

माझा कॉम्प्युटर अजून पुसलेला नव्हता, मी पुन्हा केलं. तिन्ही बॅकअप एका ओळखीखाली, पण एकही फाइल न गाळता. प्रत्येक मापावर तारीख, आणि ते कुणी काढलं ते. शेवटी डब्याने ओळखीचं नाव मागितलं.

"माझं नको," पुढून अप्पांचा आवाज आला.

मी टाइप केलं, 'मागची खोली'.

"दवाखान्यातले हसतील," दादा म्हणाला.

"हसू देत."

शनिवारी मापं पाठवली आणि दवाखान्यातून फोन आला. दादाने घेतला, ऐकला आणि माझ्यापुढे धरला. "विचारताहेत, मागची खोली म्हणजे नेमकं कोण?"

मी हाताचं सोल्यूशन फडक्याला पुसलं आणि फोन घेतला.

"मी," मी म्हणाले. "बोला."