स्वतः कबूल केले

पडद्यावरची काळी पट्टी किंचित तिरपी बसली होती. कार्डावरचे नाव झाकायला सार्जंट प्रूइटने ती चिकटवली होती, आणि तिच्या खालून आडनावाच्या पहिल्या अक्षराची, इंग्रजी ‘क्यू’ची, शेपटी डोकावत होती — उजवीकडे वळलेली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. खोलीतल्या बावीस नव्या पोलीस शिपायांना ती काही सांगणार नव्हती. डेल्फिना अरिओलाला मात्र त्या शेपटीवरून आख्खे नाव वाचता येत होते, कारण ते तिनेच लिहिले होते, चार वर्षांपूर्वी, एका फेब्रुवारीत, शाळेच्या हजेरी कार्यालयात. मारिसेला किरोझ. वय पंधरा.

प्रूइट गुलाबी खोक्यातला शेवटचा डोनट हातात घेऊन बोलत होता. शाळा-पोलिसांसाठीचे हे दोन दिवसांचे प्रशिक्षण तो सात वर्षे घेत आला होता — टोळीतली पोरे ओळखायची कशी, त्यांच्याशी बोलायचे कसे, आणि त्यांची नोंद करायची कशी — आणि त्याची वाक्ये डेल्फिनाला पाठ होती. निकष आठ. दोन भरले की नोंद. एकच भरला तर वही बंद करायची आणि पोराला वर्गात पाठवायचे, मग तुमचे मन काहीही सांगो. मनाला आम्ही पगार देत नाही, असे तो इथे म्हणायचा, आणि लोक हसायचे. आताही हसले.

तिसरा भाग, नोंद लिहायची कशी, हा डेल्फिनाचा. तिच्या कार्डात वकिलाला बोट घालायला जागा सापडत नाही, अशी तिची ख्याती होती. विशेषण नाही. ‘वाटले’ नाही. पाहिले ते आणि ऐकले ते, एवढेच. पडद्यावर दोनच ओळी होत्या: लाल पट्टा, बुटांच्या लाल नाड्या. आणि त्याखाली — टोळीशी संबंध असल्याचे स्वतः कबूल केले.

“बघा किती स्वच्छ आहे,” प्रूइट म्हणाला. “हे लिहिणारी बाई इथंच बसलीये. जेवणानंतर तुम्हाला सोलून काढणारे ती.”

एरवी या जागी ती हात वर करून माना डोलावणाऱ्यांकडे बघत असे. आज तिने हात वर केला, पण तिचे लक्ष पायाशी ठेवलेल्या पिशवीत होते. पिशवीत एक पत्र होते आणि पत्रासोबत एक छापील उत्तरपत्रक, आणि ते उत्तरपत्रक आज पाच वाजेपर्यंत प्रमुखांच्या कचेरीत पोचायला हवे होते.

मारिसेला किरोझ आता एकोणीस वर्षांची होती. तिने ह्याच शिक्षण मंडळाच्या बालवाडीत मदतनीस म्हणून अर्ज केला होता. मुलाखत झाली, बोटांचे ठसे झाले, आणि मग मंडळाच्या पोलिसांच्या टोळी-यादीत तिचे नाव निघाले. अर्ज थांबला. तिने हरकत घेतली. हरकत आली की ज्याने कार्ड लिहिले त्यानेच उत्तर द्यायचे, हा नियम: नोंद कायम, किंवा अमुक निकष मागे घेत आहे. दुसरी ओळ मागे घेतली तर उरणार पट्टा आणि नाड्या, म्हणजे टोळीचा रंग हा एकच निकष, म्हणजे नाव काढावे लागणार. इतके सोपे. पण मारिसेलाच्या कार्डावर आणखी चार कार्डे उभी होती. ‘नोंद असलेल्या सदस्यासोबत दिसला’ हाही एक निकषच, आणि त्या चौघांच्या बाबतीत तो नोंद असलेला सदस्य म्हणजे मारिसेला. शिवाय डेल्फिनाने आजवर लिहिलेली दोनशे अकरा कार्डे. त्यातल्या किती कार्डांवर हीच दुसरी ओळ होती, हे तिने कधी बघितले नव्हते.

मी खोटे लिहिलेले नाही. सकाळी दात घासताना तिने हे स्वतःला सांगितले होते, आणि गाडीत, बदामाच्या बागांमधल्या धुक्यातून येताना, पुन्हा. मी कधीच खोटे लिहिलेले नाही. उलट एके काळी काही लिहिलेच नव्हते, त्याची तर ही सारी... मारिसेलाच्या आदल्या वर्षी शाळेच्या मागच्या फाटकापाशी ॲब्रम सोलिस नावाच्या मुलाला तिघांनी भोसकले होते. नंतरच्या पालकसभेत त्याची आई उभी राहिली, स्वेटरच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढलेल्या, आणि तिने शांतपणे विचारले, मिस अरिओला, तुम्हाला त्या तिघांबद्दल माहीत होतं का? माहीत होते. शाळेत सगळ्यांनाच होते. कागदावर मात्र एक अक्षर नव्हते. त्या दिवसापासून डेल्फिना लिहू लागली. ॲब्रम जगला, पण त्याचा डावा हात वर होत नसे, आणि तो हात रोज सकाळी तिच्यासमोरून वर्गात जाई.

मारिसेलाचे पत्र वहीच्या कागदावर होते. त्यात रडगाणे नव्हते, हीच अडचण होती. मिस, तुम्ही मला चार वेळा तेच विचारलंत. माझी बस सुटत होती. मी म्हटलं, ठीक आहे मिस, तुम्ही म्हणाल तसं. पट्टा माझ्या मावसभावाचा होता, माझा तुटला होता. तुम्ही वाईट वागला नाहीत. पण मी ते कबूल केलं नव्हतं.

नंतर सगळेच असे म्हणतात — पत्र वाचल्यावर डेल्फिनाच्या मनात आधी हेच आले होते, आणि ते बहुतेक वेळा खरेही असे. तिने तो फेब्रुवारी आठवून पाहिला होता. आठवले ते कार्ड. मुलीचा चेहरा, आवाज, खोली यांच्या जागी ती ओळ येऊन बसत होती.

जेवणाच्या सुट्टीत प्रूइट बरिटोचा कागद सोलत तिच्यासमोर येऊन बसला. उत्तरपत्रकाबद्दल त्याला ठाऊक होते. त्याला सगळेच ठाऊक असे. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता आणि हे प्रशिक्षण कोणाकडे जाणार हे ठरल्यातच जमा होते. त्याने तिला दामटले नाही. ती पोरगी बहुधा चांगलीच असेल, असे तोच म्हणाला, वाढली असेल, सुधारली असेल, बालवाडीची नाके पुसायला गेली तर कोणाचे काय जाते... पण प्रश्न ती आज कशी आहे हा नाही, त्या दिवशी ती काय म्हणाली हा आहे.

“आणि ते तू लिहून ठेवलंयस, डेल. आता तुझ्या लिहिण्यावर तुझाच विश्वास नसेल, तर मग ह्या बावीस जणांना शिकवतीयेस काय तू?”

तिने मिरचीचे तुकडे बाजूला काढले. वेंडेल प्रूइट वाईट माणूस नव्हता. ॲब्रमच्या आईला घरी सोडायला त्या रात्री तोच गेला होता.

दुपारी नाट्याची वेळ झाली. इथली पद्धत अशी की जुन्या शिपायाने विद्यार्थी व्हायचे आणि नव्याने त्याची चौकशी करायची. त्यासाठी एका खोक्यात टोपीवाले सदरे होते, लाल आणि निळे, सात वर्षांत कोणी न धुतलेले. डेल्फिनाने लाल चढवला. संहिता तिचीच होती: रोझी, वय सोळा, अंगात लाल सदरा, चुलतभाऊ टोळीत आहे, स्वतः काही कबूल करत नाही. परीक्षा चौकशीची नव्हतीच, थांबण्याची होती. समोरच्याने एका निकषावर वही बंद करायची.

समोर तूगर लॉर आला. सव्वीसेक वर्षांचा, लाओसहून आलेल्या मोंग कुटुंबातला, आधी शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवायचा. बोलणे इतके मऊ की मागच्या रांगेने त्याला मोठ्याने बोलायला सांगितले. त्याने रोझीला पाणी हवे का विचारले. जेवताना कोणाबरोबर बसतेस, ते विचारले. चुलतभावाबद्दल विचारले. डेल्फिनाने संहितेप्रमाणे सांगितले की भाऊ त्यांच्यात आहे, मी नाही.

मग कोणी अडवलं तर तू कोणाच्या बाजूची?

कोणाच्याच नाही.

समज, भाऊ मार खातोय. तेव्हा?

तेव्हा मी पळते, ती म्हणाली, आणि खोलीत थोडे हसू झाले. तूगरही हसला, आणि पुन्हा तेच विचारले, थोड्या वेगळ्या शब्दांत. त्याच्या आवाजात दटावणी नव्हती. उलट तो मदत करत होता, जसे फळ्यापाशी अडलेल्या मुलाला आपण हळूच उत्तराकडे ढकलतो. सदरा उकडत होता. कॉलर कोणाच्या तरी जुन्या घामाने कडक झाली होती. घड्याळात तीनला दहा होते. आणि डेल्फिनाच्या ध्यानात आले की आपण आता उत्तराचा विचार करतच नाही आहोत. हा कधी थांबेल एवढाच विचार आहे. तिचे उत्तर त्याच्याकडे तीनदा पोचले होते आणि तीनदा त्याने ते सौजन्याने परत केले होते. म्हणजे त्याला ते नको होते. दुसरे एक होते, ते त्याला हवे होते, आणि ते दिले की उठता येणार होते.

“म्हणजे तशी तू त्यांच्यातलीच, असं म्हणू या का?”

“म्हणा.”

“हो ना?”

“हो, म्हणा. झालं?”

त्याचे पेन कागदावर टेकले.

प्रूइटने टाळी वाजवून नाट्य थांबवले. आवाज चढला नाही, धमकी नाही, आमिष नाही, आणि तरी कबुली, असे त्याने सगळ्यांना बोटांवर मोजून दाखवले. डेल्फिना म्हणाली की संहितेत कबुली नाही. तो म्हणाला, संहितेत नसेल, तुझ्या तोंडात होती.

“मी कबूल नाही केलं,” ती म्हणाली.

“मॅडम, आम्ही बावीस साक्षीदार आहोत,” मागून कोणीतरी म्हणाले. “पहिल्याच दिवशी टोळीत. आजीला काय सांगणार आता?”

सगळे हसले. तीही हसली, न हसून चालण्यासारखे नव्हते. मग तिने सदरा डोक्यावरून ओढला, आणि कापड चेहऱ्यावर असताना, त्या लाल अंधारात, काहीतरी दिसले. शब्द नव्हते. खिडकी होती, खिडकीत पिवळ्या बसचे मागचे दार, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघणारे डोळे. आणि एक खुर्ची. मुलगी सारखी बाहेर बघते म्हणून डेल्फिनाने आपली खुर्ची हातभर सरकवली होती, खिडकी झाकली जाईल अशी, आणि खुर्चीच्या एका पायाला रबर नसल्यामुळे फरशीवर करकरत लांब ओरखडा उमटला होता, आणि मुलगी त्या आवाजाने दचकली होती, आणि मग तिने खिडकीकडे बघणे सोडून दिले होते...

हे आठवले, की पत्र वाचून तयार झाले? साक्षीदाराला विचारावे तसे तिने स्वतःला विचारले. बस पत्रात होती. बस सोडून द्यावी. खुर्ची पत्रात नव्हती. खिडकी का झाकली गेली हे मुलीला कळलेही नसेल. ते फक्त मला ठाऊक होते.

सव्वाचारला वर्ग सुटला. तिने एका टेबलापाशी बसून पत्रक काढले, तारीख घातली, नाव घातले, बिल्ल्याचा क्रमांक घातला. त्याखाली तीन कोऱ्या ओळी होत्या. तिथवर येऊन पेन थांबले असताना तूगर लॉर आपले सरावाचे कार्ड घेऊन उभा राहिला. त्यावर तिची सही लागत होती. बाकीचे खुर्च्या रचत होते.

“कुठं चुकलं, मॅडम? खरं सांगा. सार्जंट खूश होते, पण तुम्ही नव्हता.”

तिने वाचले. लाल सदरा, टोपी. टोळीशी संबंध असल्याचे स्वतः कबूल केले. विशेषण नाही. ‘वाटले’ नाही. सकाळी पडद्यावर होते तेच वाक्य, तसेच स्वच्छ. ती चूक शोधू लागली, मनापासून, वरून खाली आणि खालून वर.

“तू मला किती वेळा विचारलंस ते?”

तो विचारात पडला. “दोनदा... नाही, जास्त असेल. मोजलं नाही.”

“लिहिलं का नाहीस?”

“त्याला रकाना कुठाय, मॅडम?” तो म्हणाला. उद्धटपणाने नव्हे, त्याला खरेच रकाना दाखवून हवा होता.

तिने कार्ड उलटून पाहिले. प्रमुखांची कचेरी दोन मजले वर होती आणि पाचला पस्तीस मिनिटे होती, आणि आता तिला मारिसेलाचे डोळे स्पष्ट दिसत होते, इतके की डाव्या भुवईतला तुटका केसही. म्हणून तिने दुसऱ्या कोणाला तरी आठवून पाहायचे ठरवले — दोनशे दहांपैकी कोणीही एक, नाव नसले तरी चालेल, दातांना तार लावलेला, नखे खाणारी, कोणीही — आणि प्रत्येक वेळी तीच ओळ आली, तिच्याच हस्ताक्षरात, पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि ओळीच्या मागे खुर्ची रिकामी होती. तिने पुन्हा प्रयत्न केला. तूगर पेन पुढे करून उभा होता. त्याला थोडे थांबायला सांगावे असे तिला वाटले, आणि किती थांबायला सांगावे हे तिला कळेना.