कापलेला परिच्छेद

वर्तमानपत्र दोन महिन्यांत बंद होणार, हे मालकांनी तिसऱ्या मजल्यावरच्या सभेत सांगितलं. सभा संपून माणसं खालमानेने जिना उतरत होती, तेवढ्यात कात्रीने पहिला विनोद केला. "आयुष्यभर लोकांचे मृत्युलेख लिहिले, आता आपला लिहू. शब्दमर्यादा तेवढी पाळा." दोघं-तिघं हसले. ज्याच्या घरी चार महिन्यांचं बाळ होतं, तो फोटोग्राफरसुद्धा हसला.

कात्री म्हणजे तिथला मुख्य उपसंपादक. वय एक्कावन्न, डेस्कवर सव्वीस वर्षं. वार्ताहराने आठशे शब्द आणावेत आणि कात्रीने त्याचे तीनशे करावेत, तेही असे की वार्ताहरालाच वाटावं, आपल्याला एवढंच म्हणायचं होतं. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याला ते आवडायचं. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि गेल्या काही वर्षांत, खप उतरू लागल्यापासून, सगळं डेस्क त्याच्या त्या जिभेवरच जगत होतं. काहीही वाईट घडलं की लोक आधी त्याच्याकडे बघत. तो काय म्हणतो ते ऐकलं की वाईटाची धार जरा बोथट व्हायची.

त्याच्या समोरच्या टेबलावर शिक्षणाच्या बातम्या करणारी एक बाई बसायची. तिला सगळे 'होईल' म्हणत. परीक्षेचा निकाल लांबला, छपाईचं यंत्र अडलं, पगार पुढे गेला, काहीही झालं तरी तिचं उत्तर ठरलेलं: होईल. सभेच्या दुसऱ्या दिवशी तिने पाण्याच्या पिंपाजवळच्या फळ्यावरचे जुने कागद काढून टाकले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुढे काय?' खाली ती रोज कुठेकुठे निघालेल्या नोकऱ्या चिकटवू लागली. एका छापखान्याला मुद्रितशोधक हवा होता, एका शाळेला ग्रंथपाल, एका संस्थेला अहवाल लिहिणारा माणूस. जेवणाच्या सुट्टीत ती दोन-चार जणांना घेऊन बसायची आणि अर्ज कसा लिहावा ते सांगायची. तिने स्वतः बावीस वर्षांपूर्वी एकदाच अर्ज केला होता.

कात्रीने 'पुढे काय?'च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'अंत्यदर्शन सकाळी दहा ते बारा.' दिवसभर येणारा-जाणारा तिथे थांबून हसत होता. होईलही हसली. तिने ते पुसलं मात्र नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने फळ्यावर एका मोठ्या इस्पितळाची जाहिरात लावली. घरी सोडताना रोग्याच्या हाती जे कागद देतात, ते साध्या माणसाला कळतील अशा भाषेत लिहायला त्यांना कुणीतरी अनुभवी हवं होतं. जागा एकच होती. कात्रीने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, आता 'गोळी जेवणानंतर घ्यावी' ही आपली पहिल्या पानाची बातमी, आणि 'पोट साफ झाले' हा अग्रलेख. डेस्क खदखदून हसलं.

त्याच दुपारी होईल आपला अर्ज घेऊन त्याच्याकडे आली. तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, तुमच्याइतकं कापणारं दुसरं कुणी नाही, जरा हात फिरवा, मला ही जागा मनापासून हवी आहे.

अर्ज दोन पानी होता. पहिलं पान चारचौघांसारखंच. दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता.

'माझे वडील इस्पितळातून घरी आले तेव्हा त्यांच्या हातात चार पानी कागद होता. एक गोळी एक दिवसाआड घ्यायची होती, पण ते अशा खुणांत लिहिलं होतं की त्यांना कळलं नाही. विचारायची त्यांना लाज वाटली, कारण मुलगी वर्तमानपत्रात. तो कागद मी वाचते म्हणून घेतला आणि तो तीन दिवस माझ्या पर्समध्ये पडून राहिला. त्या तीन दिवसांत मी लोकांना कळाव्यात म्हणून सात बातम्या लिहिल्या. वडील गोळी रोज घेत राहिले. नवव्या दिवशी ते गेले. गोळीनेच गेले असं कुणी म्हणालं नाही. मी मात्र तेव्हापासून कागद हातात आला की आधी वाचते.'

कात्रीने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तो गलबलला, आणि त्याचाच त्याला राग आला. त्याने पेन उचललं आणि परिच्छेदावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली.

"हे काढ," तो म्हणाला. "नोकरी मागतेयस की गळ्यात पडून रडतेयस? असलं वाचलं की लोक चार हात लांब पळतात."

तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर काढते." आणि कागद त्याच्या टेबलावरच ठेवून ती नवा टंकायला गेली.

त्या घडीला आपण खरंच तसं मानत होतो, असं कात्री पुढे कित्येक दिवस स्वतःला बजावत राहिला. निम्मं ते खरंही होतं. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, ते त्याला रविवारी दुपारी कळलं.

रविवारी बायको शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती. आतल्या खोलीत बाबा रेडिओ ऐकत होते. बाबा ब्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर बस चालवलेले. रोज सकाळी भिंग घेऊन मुलाच्या वर्तमानपत्राचे मथळे वाचायचे आणि यातला तुझा कुठला, असं विचारायचे. बंद होणार हे त्यांना अजून सांगितलं नव्हतं. कात्रीने जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला आणि त्याच इस्पितळाला अर्ज लिहायला बसला. फळ्यासमोर उभं राहून ज्या जागेची टर उडवली, तीच जागा. बायकोने उत्तरपत्रिका जरा बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.

तासाभरात त्याच्या हाताला चार ओळी लागल्या. सव्वीस वर्षं, मुख्य उपसंपादक, भाषेवर प्रभुत्व, ताणाखाली काम. स्वतःबद्दल एक खरं वाक्य लिहायचं तर त्याला सुचेना. दुसऱ्यांच्या मजकुरातलं नको ते काढण्यात हयात गेली होती, त्यामुळे कोऱ्या कागदावर घालायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी त्याने पिशवीतून तो रेघ ओढलेला कागद काढला. तो आपण ऑफिसातून घरी का आणला, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. 'मुलगी'चं त्याने 'मुलगा' केलं, 'वाचते'चं 'वाचतो' केलं. 'पर्स'ची 'बॅग' केली. बाकी एका शब्दालाही कात्री लावावी लागली नाही. आतून बाबांनी विचारलं, काय लिहितोयस रे एवढं? तो म्हणाला, ऑफिसचं आहे.

बारा दिवसांनी त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. होईलला आलं नाही. ती म्हणाली, होईल दुसरीकडे.

मुलाखत घ्यायला तिघं होते, पण बोलत होत्या त्या एकट्या मोठ्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या हातातल्या अर्जावर त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली दिसत होती. त्या म्हणाल्या, आम्हाला दीडशेच्या वर अर्ज आले, सगळ्यांना भाषा येते, पण आम्हाला हेच हवं होतं. मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली त्यांना जाऊन?"

इथे त्याला खरं सांगता आलं असतं. तेवढा वेळ होता. डॉक्टरीणबाई उत्तराची घाई करत नव्हत्या.

"तीन," कात्री म्हणाला.

घरी आला तेव्हा बाबा दारातच उभे होते. आज लवकर कसा, विचारत होते. त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आधी हात-पाय धुतो, म्हणून तो मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

पुढच्या सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं. बायकोला आनंद झाला, तो तिने फार दाखवला नाही. ती एवढंच म्हणाली की माणूस वरवर काही का बोलेना, आतून त्याला आशा असतेच. मग कुठे बाबांना सगळं सांगण्यात आलं, जुनं जाणार आणि नवं मिळालं, दोन्ही एकदमच. बाबांनी पत्र भिंगातून वाचलं आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं. ऑफिसात मात्र कात्रीने तोंडाला कुलूप लावलं होतं. पण अनुभवाचा दाखला आणायला त्याला पगाराच्या कचेरीत जावंच लागलं, आणि तिथल्या कारकुनाच्या पोटात काही राहत नसे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी डेस्कवर पोचली.

होईल उठून उभी राहिली. कात्रीला वाटलं, आता आपलं सगळं बाहेर येणार. ती टाळ्या वाजवू लागली. मग फोटोग्राफरने वाजवल्या, मग सगळ्यांनीच. ती फळ्याशी गेली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बघितलंत? आपल्यात सगळ्यात कडू माणूस हा. त्याने गुपचूप अर्ज केला आणि त्याला मिळाली. मग तुम्हाला का नाही मिळणार?" फोटोग्राफरने तिथेच, सगळ्यांसमोर, फळ्यावरची एक जाहिरात काढून खिशात घातली.

कात्री मेल्याहून मेल्यासारखा झाला. सव्वीस वर्षांत तो कधी गप्प बसला नव्हता, तो त्या दिवशी गप्प बसला. लोकांना वाटलं, गहिवरला.

चारच्या सुमाराला त्याने होईलला जिन्यात बोलावलं. दोन मजल्यांच्या मध्ये, जुन्या अंकांचे गठ्ठे रचलेले असत तिथे. कसं सांगायचं ते त्याने दिवसभर ठरवलं होतं, पण आयत्या वेळी त्याने नुसता आपल्या अर्जाच्या प्रतीचा कागद तिच्या पुढे धरला. तिने आधी सरळ वाचायला घेतला. मग दुसऱ्या पानावर तिची नजर जिथे थांबली ते त्याला दिसलं. ती एका गठ्ठ्यावर बसली.

तो बोलत सुटला. आयत्या बिळावर नागोबा झालो, म्हणाला. वाचताना गलबललो होतो, म्हणाला, म्हणूनच कापलं. इस्पितळात जाऊन खरं सांगतो, जागा तुझी आहे, मी सोडतो. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही घेतलंत, ते घेतलंत," ती अखेर म्हणाली. "पण मला वाटलं होतं, तुम्ही कापलंत म्हणजे ते वाईटच असणार. त्या दिवसापासून मी माझ्या बाबांबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. मला त्याची लाज वाटायला लागली होती."

कात्रीने कागद परत घ्यायला हात पुढे केला. तिने कागद त्याला परत दिला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ती वर निघून गेली.

तो तिथूनच इस्पितळात गेला. डॉक्टरीणबाईंनी त्याला दहा मिनिटं बाहेर बसवलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी इतकंच विचारलं, की तुमचे वडील मग कुठे आहेत? घरी आहेत, असं त्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी मान खाली घालून समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि तुम्ही या आता, म्हणाल्या. होईलला बोलवा म्हणून तो गयावया करत राहिला. त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

पुढे तिला बोलावलंही, पण जागा मिळाली ती भलत्याच तिसऱ्या माणसाला, जो मुलाखतीच्या यादीत दुसरा होता. होईलला चार-पाच महिन्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम लागलं; ती तिथे बरी आहे म्हणतात. फोटोग्राफर शाळांचे वर्गफोटो काढतो. कात्री एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो, फळ्यावरची पहिलीच जाहिरात, जी कुणी घेतली नव्हती. तिथे त्याला विनोद करताना कुणी ऐकलेलं नाही. होईल त्याच्याशी पुन्हा बोलली नाही, आणि बोलावं असं त्याने तरी कुठल्या तोंडाने म्हणावं?

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी इस्पितळातून तो घरी आला, तेव्हा अजून एका माणसाला सांगायचं राहिलं होतं. बाबा खिडकीशी बसले होते. नेमणुकीचं पत्र अजून त्यांच्या खिशात होतं. कात्री त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सांगून टाकलं: नोकरी सोडली, कारण ती खोटं लिहून मिळवली होती; तुम्ही गेलात, असं लिहिलं होतं.

बाबांनी रेडिओ बंद केला.

"कशाने गेलो?"

"गोळ्यांची गल्लत झाली."

बाबांनी जरा विचार केला. "गोळ्या तर तूच देतोस मला."

कात्रीची मान वर होईना. बाबा म्हणाले, वाच बघू काय लिहिलंयस ते, कसा गेलो ते कळू दे तरी. कागद त्याच्याकडे नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. शब्दन् शब्द त्याला पाठ झाला होता. त्याने जमिनीकडे बघत, 'मुलगा'च्या जागी 'मुलगी' घालून, तो परिच्छेद सुरुवातीपासून म्हटला. संपल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे हे कुणाचं तरी खरंच झालंय?"

"आमच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या वडिलांचं."

"काय करायचे ते?"

कात्रीला ठाऊक नव्हतं. ती बाई बावीस वर्षं त्याच्या समोर बसली होती. तिचे वडील आजारी होते, गेले, तेव्हा ती किती दिवस रजेवर होती, तिच्या बातम्या कुणी केल्या, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. काही आठवेना.

"विचारलं नाहीस?" बाबा म्हणाले.

"नाही," तो म्हणाला.

बाबांनी खिशातलं पत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.