लेफ्ट कॉर्नरचं बोट

लग्नाच्या बोलणीतच सेजलनं सांगून टाकलं होतं, की ती कबड्डी खेळते आणि पुढेही खेळणार. माहेर वरंधचं, सासर हिरकणीवाडीचं. नवरा विनीत मुंबईत नोकरीला. सासू जानकीबाई आणि सेजल मिळून घरापुढच्या टपरीवर, रायगड बघायला आलेल्यांना पिठलं-भाकरी करून वाढायच्या. संध्याकाळी माणसं पांगली की सेजल सरावाला निघायची. संघात तिची जागा लेफ्ट कॉर्नरची, म्हणजे चढाईला आलेल्या मुलीला टोकावरून पकडायची.

जानेवारीत पोलादपूरला महिलांची स्पर्धा होती. रविवारच्या उपांत्य सामन्यात समोरची उंच चढाईपटू वळून परत निघाली, तशी सेजलनं तिच्या मांडीवर झेप घेतली. हात घामानं निसटला आणि उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, अनामिका, चढाईपटूच्या हाफपँटच्या काठात अडकलं. कपडा धरणं नियमात बसत नाही, पण सोडायला वेळच मिळाला नाही. चढाईपटूनं पूर्ण ताकदीनं पुढे हिसका मारला. हातात आत काहीतरी कट्‌ करून तुटल्यासारखं सेजलला जाणवलं. तरी ती पुढचे सगळे डाव खेळली आणि संघ अंतिम फेरीत गेला.

बोट सुजलं. संघाचे प्रशिक्षक किशोर सरांनी बर्फ लावला. सोमवारी एक्स-रे काढला, तर हाड शाबूत होतं. मुरगळलंय, आठवड्यात सूज उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. अंतिम सामना पुढच्याच रविवारी होता. शेजारच्या बोटाला टेपनं बांधून खेळता येईल, असं किशोर सरांनी सांगितलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

बुधवारी सकाळी सेजल भाकरीची उकड मळत होती. जानकीबाई चुलीपाशी बसून तिच्या हाताकडे बघत होत्या. मूठ वळली की बाकीची बोटं आत जात होती, पण अनामिकेचा शेंडा ताठच राहत होता. त्यांनी तिला हात पुसायला लावला, बोट स्वतःच्या चिमटीत धरलं आणि शेंडा हळूच दाबला. तो सहज वाकला.

"मी वाकवलं तर वाकतंय. आता तुझं तू वाकव गो."

सेजलनं दात-ओठ खाऊन जोर लावला. शेंडा हलला नाही.

"सुजलंय ना, म्हणून असंल," ती म्हणाली.

"सुजलेलं बोट दुखंल, पण जरा तरी हलंल. हे हलतच नाय. उद्या महाडला जायचं."

गुरुवारी टपरी बंद ठेवून दोघी एसटीनं महाडला गेल्या. तिथं माहरुख नावाची फिजिओथेरपिस्ट होती. तालुक्यातले बरेच खेळाडू तिच्याकडे जायचे. तिनं एक्स-रे बाजूला ठेवला. बोटाचं मधलं पेर टेबलावर सपाट दाबून धरलं आणि फक्त शेंडा वाकवायला सांगितलं. काहीच झालं नाही. मग तिनं तळहात चाचपला. एका जागी बोट टेकताच सेजल कळवळली.

माहरुखनं समजावून सांगितलं, की एक्स-रे बरोबरच आहे, हाड मोडलेलंच नाही. पण बोट वाकवणारी एक दोरीसारखी कंडरा असते. बोट कपड्यात अडकून हिसका बसला की ती हाडापासून सुटते. सेजलची सुटून तळहातात सरकली होती. ती ऑपरेशन करून परत हाडाला बसवावी लागते, आणि तेही आठ-दहा दिवसांच्या आत. नंतर ती आक्रसते आणि ओढूनही जागेवर येत नाही.

रविवारी खेळून सोमवारी ऑपरेशन केलं तर चालेल का, असं सेजलनं विचारलं.

"कदाचित निभेलही," माहरुख म्हणाली. "पण रविवारी तुम्ही जितक्या पकडी कराल, तितकी ती आणखी आत जाईल. मी तुमच्या जागी असते, तर एक दिवसही थांबले नसते."

सेजलनं दोनदा मूठ वळून पाहिली. मग एसटी स्टँडवर आल्यावर तिनं किशोर सरांना फोन लावला. सरांनी पुन्हा टेपचं काढलं. एकच सामना तर आहे, म्हणाले.

"सर, टेपनं बोटं बांधली जातील, आत तुटलंय ते नाय बांधलं जाणार," सेजल म्हणाली. "मला अजून दहा वर्षं पकडी करायच्यात. ही फायनल मी सोडते."

विनीतनं त्याच संध्याकाळी मुंबईत हाताच्या सर्जनची वेळ मिळवली. शनिवारी ऑपरेशन झालं. फक्त हात बधिर केला होता, त्यामुळे सगळं बोलणं तिला ऐकू येत होतं. कंडरा हाडाला शिवून दोऱ्याची टोकं नखावर एका छोट्या बटणाला बांधली होती. शर्टाला असतं तसलंच बटण. जानकीबाई ते बघून बराच वेळ हसत होत्या.

रविवारी संध्याकाळी संघ तीन गुणांनी हरला. बातमी कळल्यावर सेजल भिंतीकडे तोंड करून रडली. पण किशोर सरांचा फोन आला तेव्हा त्यांनी सामन्याचं नावही काढलं नाही. नुसता शेंडा वाकवून बोटाची ती तपासणी कशी करतात, तेवढं त्यांनी नीट विचारून घेतलं.

सहा आठवड्यांनी बटण निघालं. तोवर हात मनगटात वाकवून पट्टीत बांधलेला होता. डाव्या हाताच्या आधारानं उजवी बोटं रोज ठरल्या वेळा वाकवायची, स्वतःचा जोर लावायचा नाही. एक बादलीसुद्धा उचलायची नव्हती. जानकीबाईंनी भाकऱ्या आपल्याकडे घेतल्या आणि सेजलला गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं. तिसऱ्या महिन्यानंतर माहरुखनं मऊ चेंडू दाबायला दिला. शेंडा आधी जेमतेम हलला, मग अर्धा वाकला. पावसाळा संपेपर्यंत तो जवळजवळ पूर्ण वाकत होता. थोडंसं राहिलं ते राहिलंच. तेवढ्यानं पकड सुटत नाही, हे माहरुखनं स्वतःचं मनगट तिच्या हाती देऊन पडताळून पाहिलं.

त्या वर्षभरात सेजल मांडीची पकड विसरली आणि घोट्याची शिकली. घोट्याभोवती पूर्ण पंजा बसतो, कपडा आड येत नाही. डिसेंबरात महाडच्या मैदानावर ती पुन्हा लेफ्ट कॉर्नरला उभी राहिली. पहिल्याच चढाईला हात पुढे गेला आणि आपोआप मागे आला. चढाईपटू गुण घेऊन गेली. पुढच्या चढाईला तीच मुलगी जादा गुणासाठी बोनस रेषेकडे पाय टाकत आली. सेजल खाली बसली, दोन्ही पंजांनी घोटा धरला आणि तिला जागेवर थांबवलं. बाकीच्या पोरी येऊन वर पडेपर्यंत घोटा तिच्या मुठीतच होता.