टाकीवरचा फेस

भाचीने गाळणीच्या कापडावरचा काळा थर सुरीने खरवडला आणि चिमटीत धरून पाहिला. तो कॉफीच्या चोथ्यासारखा मोकळा सुटायला हवा होता. उलट बोटांना असा चिकटला की निघेचना.

"दुसऱ्यांदा फसलं," साहेब म्हणाले. "उद्या शेवटची चाचणी. हुकली तर या विभागाला कुलूप, आणि तुम्ही परत कागदाची जाडी मोजायला. मलाही वर तोंड दाखवायचंय."

साहेब गेले. बाजूला बॉयलरचा मिस्त्री उभा होता. सगळी कागदगिरणी त्याला मामा म्हणे, पण सख्खा मामा तो या एकटीचाच. लाकूड शिजवून लगदा काढला की जे काळं पाणी उरतं, त्याला गिरणीत काढा म्हणत. सव्वीस वर्षं मामाने तो काढा बॉयलरमध्ये जाळून वाफ केली होती. भाची आता त्याच काढ्यात आम्ल घालून लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे धरून ठेवणारा चिकट भाग, वेगळं काढू पाहत होती. प्लायवूडचा डिंक बनवणारे ते घ्यायला तयार होते. बॉयलरवरची मंडळी चिडवत, "मामा, भाची तुमचं सरपण पळवतेय!" मामा म्हणे, "पळवू दे, घरातच राहतंय." गेली दोन वर्षं तो तिच्या बाजूने सगळ्यांशी भांडला होता.

"मामा, याला कसला वास येतोय बघ."

मामाने ढेकूळ नाकाशी नेलं. रॉकेल. त्याने ते झटकन खाली ठेवलं. काढ्याला फेस फार. तो टाकीत वर चढू लागला की जुनी माणसं डबाभर रॉकेल ओतत. फेस खाली बसे, आणि रॉकेल पुढे बॉयलरमध्ये जळून जाई. हे कुठल्या नियमात नव्हतं, पण कुणी विचारतही नसे. भाचीच्या चाचण्यांनाही काढा याच टाकीतून जाई, आणि त्या दोन्ही सकाळी तर मामाने आठवणीने दोन-दोन डबे ओतले होते, पोरीच्या कामात विघ्न नको म्हणून.

"काही नाही गं," तो म्हणाला. "आम्लाचाच वास."

भाचीने त्याच्याकडे पाहिलं आणि सुरी पुसायला घेतली.

त्या दिवशी मामा एका जागी म्हणून टेकला नाही. बॉयलरचा जिना चढला, कशाला चढलो ते विसरला, उतरला. चहा घेतला आणि त्यावर साय धरेपर्यंत कप नुसता हातात फिरवत राहिला. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेला. एकदा साहेब फोनवर होते. दुसऱ्यांदा साहेब मोकळे होते, तर हाच मागे फिरला. निवृत्तीला चार महिने उरले होते, पण भीती त्याची नव्हती. पोरीच्या दोन वर्षांच्या कष्टांवर आपल्याच हाताने बोळा फिरवला, हे तिच्यासमोर बोलायची लाज वाटत होती. शेवटी त्याने ठरवलं, उद्या ओतायचंच नाही. विषय संपला.

सकाळी फेस चढू लागला. जोडीदार सवयीने डबा घेऊन आला.

"मामा, बघताय काय? ओता की!"

"नको."

"अहो, उतू जाईल!"

"जाऊ दे."

मामाची मूठ मिटत होती, उघडत होती. तपकिरी फेस काठावर आला, थबकला आणि मग भडाभडा शिडीवरून जमिनीवर पसरला. मामाची टाकी सव्वीस वर्षांत कधी उतू गेली नव्हती. पाळीतली झाडून सगळी माणसं बघायला आली, आणि कुणीतरी हसलंही.

दुपारी भाचीने कापडाला सुरी लावली आणि थर भुरभुर खाली पडला. साहेबांनी टाळी वाजवली. संध्याकाळी त्यांनी मामाच्या हातात मेमो ठेवला: टाकीवर निष्काळजीपणा. मामाने न वाचता सही ठोकली. फिट्टंफाट झाली असं वाटून त्याला केवढं हलकं वाटलं! शीळ घालतच तो भाचीच्या खोलीत शिरला.

ती अहवाल लिहीत होती. मामाने खांद्यावरून वाकून पाहिलं. आधीच्या दोन चाचण्या फसण्याचं कारण: आम्लाचं प्रमाण माझ्याकडून चुकलं.

त्याची शीळ थांबली. "तुझं कुठे चुकलं?"

ती लिहीतच राहिली.

"तुला कधी कळलं?"

"कालच. रॉकेलचा वास लपतो का मामा?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की तुला."

मामा स्टुलावर बसला. लगेच उठला.

"आणि आज मी पुन्हा ओतलं असतं तर?"

"तर कुलूप लागलं असतं."

"मी आत्ता साहेबांना सांगून येतो."

"आता नको," ती म्हणाली. "त्यांनी मघाशी विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलंय. आता तू खरं बोललास तर मी खोटी पडेन."

तिने खाली सही केली आणि कागद फायलीत लावला. मामा दाराशी उभा राहिला. त्याला ना बाहेर जाता येत होतं, ना पुन्हा बसता येत होतं.